सॅकेत मावेल तेवढ्याच सामानावर एल्कची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून, त्यातही सह्याद्रीत ट्रेक करून तिकडे गेलेल्यांकडून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरे कोलोरॅडो राज्यातल्या रायफल हंगामापुरती, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरती आहेत. एल्क हे सांबराच्या कुळातले, पण त्याहून थोराड हरिण. म्यूल डिअर (पुढे नुसते 'डिअर') हे तिथलेच दुसरे हरिण, एल्कच्या निम्म्याहूनही लहान. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी 'कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ' या तिथल्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचाच.

१. हे महाराष्ट्रात करता येईल का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार भारतात हौसेची शिकार बंद आहे. शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखाते कधी कधी परवानगी देते, पण ती पीक वाचवण्यासाठी आणि त्या अटींपुरतीच. गावाकडच्या रानात ससा-तितर मारून 'सराव' करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो सरळ गुन्हा आहे.

२. मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक हातात घेतली तर अडचण येईल का?

येऊ शकते. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने (एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ सगळे आले) बंदूक किंवा काडतुसे बाळगणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला तुमच्या कामाचा अपवाद असा: कुठल्याही राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना तुमच्या स्वतःच्या नावावर असला पाहिजे. नवऱ्याचा परवाना बायकोला चालत नाही. मित्राची रायफल घटकाभर हातात घेणे हेही 'बाळगणे'च, म्हणून क्रम नेहमी आधी परवाना आणि मग बंदूक असाच ठेवा. परवान्याची मुदत संपल्यावर बंदूक घरात पडून राहिली तरी तोच प्रश्न उभा राहतो, आणि लोक नेमके हेच विसरतात. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही. धनुष्यबाणाला हा कायदा लागू होत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज मध्यावर असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा.

३. परवाना कसा काढायचा?

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र लागते. तो कोर्स आधी करा. मग सोडतीचा अर्ज भरा. त्याची मुदत साधारण एप्रिलच्या सुरुवातीला संपते, त्यामुळे गणपतीत विचार सुरू करणाऱ्याला त्या वर्षी चांगला परवाना मिळणे कठीण. राज्याचे क्रमांकित युनिटांत भाग पाडलेले आहेत आणि परवान्यावर प्राणी, नर की मादी, युनिट आणि हंगाम हे सगळे ठरलेले असते. पहिल्या खेपेला एल्कच्या मादीचा परवाना घ्यावा असे आमचे मत आहे. तो तुलनेने सहज मिळतो, शिंगांची टोके मोजत बसावे लागत नाही आणि मांसही जास्त कोवळे असते.

४. गाइड लागतोच का? जमीन कोणाची असते?

कोलोरॅडोत गाइडची सक्ती नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये मात्र बाहेरच्या राज्यातल्या माणसाला संरक्षित 'विल्डरनेस' भागात मोठ्या प्राण्याची शिकार गाइडशिवाय किंवा तिथल्या रहिवाशाच्या सोबतीशिवाय करता येत नाही. कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हर, सॅन वॉन, गनिसन अशा राष्ट्रीय वनांत परवानाधारकाला पायी कुठेही शिरता येते. खासगी जमिनीत पाटी नसली तरी मालकाची परवानगी हवीच. हद्द दाखवणारा नकाशा फोनवर आधी उतरवून ठेवा, रानात नेटवर्क मिळणार नाही.

५. कमीत कमी सामान म्हणजे नक्की काय, आणि किती किलो?

तीन दिवसांसाठी अन्नपाणी सोडून साडेअकरा किलोच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त वजन दोनच वस्तूंचे: दुर्बिणीसह रायफल (साडेतीन किलोच्या आत) आणि मांस वाहता येईल अशी फ्रेमची सॅक (अडीच किलो). ट्रेकची नेहमीची मऊ सॅक इथे चालत नाही. तीस किलो मांस भरले की ती खांद्यावरून ओघळते आणि सगळा भार कमरेऐवजी मानेवर येतो.

बाकीच्यात टार्प, उणे ९ अंशांपर्यंतची स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, बर्नर आणि एक भांडे, ८ किंवा १०च्या ताकदीची द्विनेत्री, चाकू, मांसाच्या पाच जाळीदार पिशव्या, १५ मीटर दोरी, दोन हेडलॅम्प, प्रथमोपचार, होकायंत्र, उपग्रहावरून निरोप धाडणारे यंत्र, रेनकोट आणि पिसांचे जाकीट. दुसरा हेडलॅम्प चैन नव्हे. सोलण्याचे काम बहुतेक वेळा अंधारातच होते.

घरी ठेवायचे: हाडे कापायची करवत (का ते प्रश्न १२मध्ये), कुऱ्हाड, घडीची खुर्ची, वास मारणारे स्प्रे, कपड्यांचा दुसरा जोड. मोजे मात्र दोन जोड जास्त घ्या.

६. गाडीपासून किती आत जावे?

सामान कमी ठेवण्यामागचे खरे कारण इथे आहे. आत नेलेले ओझे बाहेर आणायच्या ओझ्यापुढे काहीच नसते.

एल्कच्या मादीचे हाडे काढलेले मांस साधारण ६०-७५ किलो भरते, नराचे ८०-१०० आणि म्यूल डिअरच्या नराचे २५-३५. तीन हजार मीटर उंचीवर, वाट नसलेल्या उतारावर धडधाकट माणूस एका खेपेत ३० किलो नेतो. म्हणजे एकट्याला मादीच्या तीन खेपा. मांस पडले तिथून गाडी ५ किलोमीटरवर असेल तर जाणे, येणे, जाणे, येणे, जाणे अशा पाच फेऱ्या होतात: २५ किलोमीटर, त्यातले १५ ओझ्यासकट. शिवाय तळ मोडून आणायचा तो वेगळाच. नर असेल तर चार खेपा आणि ३५ किलोमीटर.

म्हणून एकट्याने एल्कसाठी अडीच-तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, दोघांनी पाचच्या. डिअर एकाच खेपेत निघते, तेव्हा त्याच्यासाठी ८ किलोमीटरही जमतील. अंतराइतकाच चढ मोजा. गाडीपासून खाली उतरून शिकार केली तर सगळे मांस वर चढवावे लागते, आणि सकाळच्या उत्साहात हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

७. रायफल कोणती, काडतुसे किती?

कायद्याने किमान .२४ कॅलिबर आणि फुलणारी गोळी हवी. गोळीचे वजन डिअरला निदान ७० ग्रेन, एल्कला ८५ ग्रेन. शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा ही आणखी एक अट. व्यवहारात .३०८, .२७० किंवा .३०-०६ यांतली मिळेल ती बोल्ट-ॲक्शन पुरेशी आहे. जुनी, ओरखडे पडलेली चालेल. पैसे दुर्बिणीच्या भिंगात घाला. काडतुसे दहा न्या, त्यातली तीन रायफल कुठे आपटलीच तर नेम तपासण्यासाठी. तांब्याची गोळी घ्यावी, शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात. तांबे आणि शिसे यांचा नेम एकाच जागी पडत नाही, तेव्हा गोळी बदलली की नेम पुन्हा बसवा.

८. किती अंतरावरून गोळी झाडावी?

रेंजवरच्या टेबलावरचे अंतर विसरा. जेवणाची १५ सेंटिमीटरची कागदी बशी लावा, शंभर पावले जोरात चालून धाप लागू द्या आणि सॅकवर रायफल टेकवून, बसून पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचही बशीत बसतात ते तुमचे अंतर. बहुतेक नवख्यांचे ते १५०-२०० यार्ड भरते. तेवढे पुरते.

९. केशरी कपडे खरेच सक्तीचे आहेत का? हरणांना दिसणार नाही का?

सक्तीचे आहेत. कमरेच्या वर ५०० चौरस इंच एकरंगी झगझगीत केशरी किंवा गुलाबी, आणि चारी बाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी. पानाफुलांची नक्षी असलेले केशरी चालत नाही. रायफल हंगामात धनुष्य घेऊन फिरणाऱ्या रायफल-परवानाधारकालाही हे लागू आहे. हरणांना केशरी आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही, हालचाल मात्र लगेच कळते. एक गफलत नेहमी होते: सॅक पाठीवर घेतली की जाकीट झाकले जाते. सॅकवरही केशरी कापड बांधा, मांस वाहताना तर नक्कीच.

१०. तंबूशिवाय रात्र निघते का? पाण्याचे आणि जेवणाचे काय?

टार्पखाली निघते, जागा नीट निवडली तर. दरीच्या तळाशी थंड हवा साठते, तेव्हा ३०-४० मीटर वर, झाडांच्या आडोशाला पथारी टाका. अर्ध्या मीटरहून जास्त बर्फाचा अंदाज असेल तर जाऊच नका. मग अडचण झोपेची उरत नाही, गाडी बाहेर काढण्याची होते.

पाणी ओढ्याचे, पण गाळून. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा ओला होऊन गोठला की आतून फाटतो, आणि वरून काहीच दिसत नाही. रात्री तो आणि गॅसचा डबा दोन्ही स्लीपिंग बॅगेत घ्या. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या जोडीला ठेवा. गार पाण्यात त्यांना चार तास लागतात.

खाणे दिवसाला ७०० ग्रॅम कोरडे. शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळ्या, तिखटमिठाचे थालीपीठ (थंडीत तीन दिवस सहज टिकते), रात्री उकळते पाणी ओतून फुगणारा भात, वर मेतकूट आणि तूप. गूळपोळीला या कामात तोड नाही. गोठत नाही, चुरा झाला तरी चमच्याने खाता येते. अस्वलांमुळे खाणे झोपायच्या जागेपासून शंभर पावलांवर झाडाला टांगा. कोलोरॅडोत काळी अस्वले असतात आणि त्यातली काही नोव्हेंबरपर्यंत हिवाळी झोपेत गेलेली नसतात.

११. एल्क सापडतच नाहीत. काय चुकते?

बहुधा वारा. उतारावर ऊन पडेपर्यंत हवा खाली वाहते, तापल्यावर वर चढू लागते आणि संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालून वर चढत जा, दुपारी वरच्या बाजूला राहा, संध्याकाळी परत खाली या. मधल्या तासाभरात वारा कुठूनही फिरतो, तेवढा वेळ हलू नका. चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडली की दिशा कळते. एल्कला वास आला तर तो शंभर मीटरवर जाऊन थांबत नाही. डोंगर ओलांडूनच थांबतो.

दुसरे म्हणजे चालणे फार होते. पहिल्या उजेडात कुरणाच्या कडेला बसून द्विनेत्रीने समोरचा उतार तासभर तुकड्या-तुकड्याने तपासा. अख्खे जनावर शोधू नका. झाडीत आडवी रेघ, कानाची हालचाल किंवा पुठ्ठ्याचा फिका पिवळा ठिपका दिसतो. ओल्या, चकचकीत लेंड्या ताज्या. कडा पांढुरक्या पडल्या असतील तर तो माग सोडा. हंगाम सुरू होऊन दोन दिवस झाले की कळप दाट, उत्तरेकडच्या उतारावरच्या झाडीत दडतात.

१२. आतडी न काढता प्राणी सोलतात ते कसे?

एका माणसाला जमणारी हीच पद्धत. पोट उघडायचेच नाही, त्यामुळे करवतही लागत नाही.

प्राणी कुशीवर घ्या, पाय उताराच्या वरच्या बाजूला, आणि घसरू नये म्हणून एक पाय झाडाला बांधा. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातड्याला एक लांब चीर द्या. पाते कातड्याखाली घालून धार वर ठेवा. वरून कापले की केस तुटून मांसाला चिकटतात आणि मग सुटता सुटत नाहीत. कातडे पोटाकडे सोलत न्या, तीच चटई होते.

पुढचा फरा हाडाने सांगाड्याला जोडलेला नसतो. पाय वर उचलून फरा आणि बरगड्यांमधले मांस कापत गेले की तो हातात येतो. मागच्या मांडीला आतून, ओटीच्या हाडाला धरून कापत जा, पांढरा गोल सांधा दिसेल. त्यातला दोरीसारखा स्नायुबंध टोकाने कापला की सांधा निसटतो. इथे पात्याने उचकटू नका. बदलत्या पात्यांचे चाकू इथेच तुटतात, आणि तुटलेला तुकडा मांसात शोधणे महाकठीण. लिंगाचा पुरावा याच मांडीवर ठेवायचा (प्रश्न १६). मग कण्यालगतची लांब पट्टी काढा, मानेचे आणि बरगड्यांमधले मांस घ्या. शेवटी आतल्या बाजूची कोवळी पट्टी: शेवटच्या बरगडीमागे हात जाईल एवढी चीर द्या, कोथळा एका हाताने खाली दाबा आणि दुसऱ्याने पट्टी सोडवून ओढा. कोथळा फुगण्याआधी हे सोपे जाते, तेव्हा रेंगाळू नका. मग प्राणी उलटा आणि तेच दुसऱ्या बाजूला.

सरावलेल्या दोघांना एल्कसाठी दोन-अडीच तास, पहिल्या वेळी चार धरा. चारही पाय, कण्यावरच्या पट्ट्या आणि आतल्या पट्ट्या एवढे मांस तरी बाहेर आणणे कायद्याने बंधनकारक आहे. जड झाले म्हणून पुढचे पाय टाकून येता येत नाही.

१३. गोळी कुठे लागली पाहिजे, आणि नंतर किती थांबायचे?

प्राणी आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर. थोडा पाठमोरा तिरका असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे नेम धरा. पूर्ण पाठमोरा किंवा समोरासमोर असेल तर थांबा.

लागल्यावर तो उभा होता ती जागा एखाद्या झाडावरून लक्षात ठेवा आणि अर्धा तास हलू नका. मग रक्त पाहा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, पुढे निघा. गडद लाल असेल तर यकृत, तीन तास थांबा. हिरवट आणि घाण वासाचे असेल तर पोट, सहा तास तरी थांबा. लगेच पाठलाग केलेला पोटात लागलेला एल्क मैलोगणती जातो. सोडून दिलेला बहुधा पहिल्याच दाट झाडीत बसतो.

१४. मांस तिथेच खराब होत नाही का?

होते, आणि बर्फातही होते. एल्कचे कातडे आणि जाड मांडी आतली ऊब धरून ठेवतात. मांडीच्या हाडालगत मांस आंबते, वरून मात्र ठणठणीत दिसते. म्हणून कातडे तासाभरात उतरवा. हवा १० अंशांच्या वर असेल तर मांडी हाडापर्यंत चिरा किंवा हाडच काढून टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही भरू नका, जाळीदार पिशवीतच भरा. सावलीत आडव्या फांद्यांवर सुटे ठेवा किंवा टांगा, चारी बाजूंनी हवा लागली पाहिजे. ओढ्याच्या पाण्यात बुडवू नका. ओढ्याकाठची गार हवा घ्या, पाणी नको. वर कोरडी पापडी धरली की काम झाले. रात्री ४ अंशांच्या खाली जात असतील तर सावलीत तीन-चार दिवस निभतात.

१५. खेपा कमी व्हाव्यात म्हणून चाकांची ढकलगाडी नेली तर?

साध्या राष्ट्रीय वनात चालते. फ्लॅट टॉप्स, वेमिनूच अशा 'विल्डरनेस' भागांत १९६४च्या कायद्यामुळे मोटार तर नाहीच, सायकल आणि ढकलगाडीही चालत नाही. घोडा किंवा लामा (उंटाच्या कुळातले ओझ्याचे जनावर) भाड्याने घेता येतो. त्याचा भाव आधीच ठरवून ठेवा. मांस पडल्यावर फोन केलात तर तो बहुधा दुसऱ्याच्या कामावर गेलेला असतो.

१६. हाडे काढली तर नर की मादी हे कसे सिद्ध करायचे?

वृषण किंवा कास यांतला काही भाग मांडीच्या एका मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या चिकटलेलाच ठेवायचा. कापून वेगळा पिशवीत टाकलेला पुरावा धरला जात नाही. त्या एका मांडीची हाडे पूर्ण काढू नका. शिंगांची अट असलेल्या नराचे डोके मांसासोबत आणावे लागते, म्हणजे ओझे आणखी वाढले. टॅगवर (परवान्याबरोबर मिळणारी, मांसाला लावायची चिठ्ठी) सही आणि तारीख प्राणी पडल्याबरोबर टाका, गाडीपाशी पोचून नव्हे.

१७. गोळी लागलेला प्राणी खासगी जमिनीत जाऊन पडला तर?

मालकाच्या परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका, रक्ताचा माग समोर दिसत असला तरी. जागेची खूण नकाशावर करा, मालकाला गाठा. तो सापडत नसेल किंवा नाही म्हणत असेल तर त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला कळवा. बहुतेक मालक हो म्हणतात, विचारले तर.

१८. संध्याकाळी शेवटच्या उजेडात प्राणी पडला. रात्रभर तसाच ठेवू?

कातड्यासकट मुळीच नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, सोलण्याला वेळेचे बंधन नाही. हेडलॅम्प लावा आणि काम संपवा. मांस सांगाड्यापासून निदान शंभर मीटर दूर, मोकळ्या जागी टांगा. सकाळी अस्वल आलेच तर लांबून दिसले पाहिजे. परत येताना आवाज करत या. आधी द्विनेत्रीने पाहा आणि मगच जवळ जा.

१९. 'सीडब्ल्यूडी' (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) रोगाची भीती किती बाळगावी?

हा मेंदू पोखरणारा रोग पहिल्यांदा १९६७मध्ये कोलोरॅडोतच, बंदिस्त हरणांत आढळला. माणसाला झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण बाधित मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. त्याला कारण असलेली प्रथिने शिजवून नष्ट होत नाहीत, प्रेशर कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी. डोके तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळे बांधून, नाव घालून फ्रीझरात ठेवा. काही युनिटांत तपासणी सक्तीची असते. पाठीचा कणा रानातच सोडा आणि मेंदू तपासणीला दिलेल्या डोक्यासोबत तिथेच राहू द्या. अनेक राज्यांत ते हद्दीआत आणायलाच बंदी आहे, म्हणजे गाडीने टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला परतणाऱ्यांनी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम पाहायचा.

२०. मांस मित्रांना वाटता येते का? भारतात नेता येईल?

वाटता येते, विकता येत नाही. पॉटलकमध्ये 'खर्चाला हातभार' म्हणून घेतलेले पैसेही विक्रीतच मोजले जाऊ शकतात, तेव्हा नकोच. देताना नाव, परवाना क्रमांक आणि सही असलेली चिठ्ठी सोबत द्या. भारतात मांस किंवा शिंगे सामानात घालून नेऊ नका, पूर्वपरवानगीशिवाय विमानतळावरच जप्त होतील. खायचे ते इथेच खा. पुढच्या पायाच्या नळ्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास, आणि कण्यावरची पट्टी मात्र तव्यावर दोन-दोन मिनिटे. तिला जास्त शिजवले की चामडे होते.